मशिन सुरू होईपर्यंत

मुंग्यांचं ते झालं तेव्हा वृषाली मंचरला दुकानात बिलं करत होती. कृषी सेवा केंद्रात एप्रिलमध्ये तशी गर्दी नसते. कांदा काढून झालेला असतो, लोक तो साठवायच्या बराखी भरण्यात गुंतलेले असतात. पण त्या दिवशी नेमकी औषधांची गाडी आली होती आणि तिला मान वर करायला फुरसत नव्हती. दुपारी सासूचा फोन आला. कुशाबाई सहसा फोन करायच्या नाहीत, आणि केलाच तर हॅलो हॅलो करत आधी दोनदा बंद करायच्या. आज त्या सरळ बोलल्या.

"वृषाली, घरी ये. माझ्या हातनं लई वंगाळ झालं."

महाळुंगे पडवळपर्यंत स्कूटी तिने कशी आणली ते तिचं तिलाच आठवत नाही. घरात शिरली तर तिचा नवरा सुदर्शन कॉटवर होता, डोळे उघडे, श्वास चालू. तिच्या जिवात जीव आला. मग तिने त्याचा डावा पाय पाहिला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल गांध्या उठल्या होत्या, मधे मधे पांढऱ्या पुटकुळ्या. कुशाबाई खाली फरशीवर खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांना वर बघवत नव्हतं.

सुदर्शन पिकअप चालवायचा. चाळीशी गाठायच्या आतच गिअर टाकताना त्याचा हात घसरायला लागला. आधी वाटलं मानेची शीर असेल. मग पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: मोटर न्यूरॉन. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात. हात गेले, पाय गेले, मग जीभ गेली. आता उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं, आणि पापण्या. पण अंगाला कळायचं सगळं. भेटायला येणाऱ्यांना हे सांगून पटायचं नाही. त्यांना वाटायचं, हलत नाही म्हणजे बधिर असेल. डास बसला तरी कळायचा, चादरीची चुणी टोचली तरी कळायची. फक्त सांगता यायचं नाही.

सांगण्यासाठी कॉम्प्युटर होता. सुदर्शनचा धाकटा भाऊ अमृत चाकणला एका कंपनीत होता. त्याने तिथल्या मोडीत निघालेल्या सामानातून तो जोडून आणला होता. पडदा कॉटच्या दांड्याला अडकवला, बोटाखाली एक मोठं बटण ठेवलं. पडद्यावर अक्षरं ओळीने उजळत जायची. हवं ते आलं की सुदर्शन बटण दाबायचा. शब्द जुळला की मशिन तो मोठ्याने बोलायचं. आवाज कुणा परक्या पुरुषाचा होता, एसटी स्टँडवर गाड्यांची नावं सांगतात तसा. पहिल्या दिवशी तो ऐकून कुशाबाईंनी डोक्यावर पदर घेतला होता.

वृषालीला मशिनची तेवढी गरज नसायची. तिने पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून पट्टी केली होती. ती बोट फिरवत जायची, तो पापणी मिटायचा. पण कुशाबाईंना अक्षर येत नव्हतं. वृषाली दुकानात गेली की मायलेकांमध्ये बोलायला त्या मशिनशिवाय काही नव्हतं. घरात चौथं कुणी नव्हतं, मूलबाळ झालं नव्हतं.

आणि उन्हाळ्यात लाइट दिवसातून किती वेळा जाईल त्याचा नेम नव्हता. इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी कफ ओढायच्या मशिनसाठी आणि झोपताना नाकाला लावायच्या मास्कसाठी राखायची, असं ठरलेलं. म्हणून लाइट गेली की कॉम्प्युटर बंद. सुदर्शनला काही सांगायचं असलं तर तो घशातून घरघर काढायचा. मग कुशाबाई प्लग काढून इन्व्हर्टरच्या बोर्डात घालायच्या, बटण दाबायच्या आणि मशिन सुरू होईपर्यंत वाट बघत उभ्या राहायच्या.

त्या दिवशीही तसंच झालं. लाइट गेलेली. सुदर्शन घरघरला. त्यांनी मशिन लावलं आणि ते चालू व्हायच्या आत आपल्या परीने विचारायला सुरुवात केली.

"पाणी पायजे? लघवी? कूस बदलू? उकडतंय का?"

एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. पण आग पायभर पसरली होती आणि त्याच्या पापण्या नुसत्या फडफडत होत्या. कुशाबाईंना वाटलं, पाण्याला हो म्हणतोय. त्यांनी चमच्याने पाणी घातलं. ते चुकीच्या वाटेने गेलं. तो ठसकला, निळा पडला, कफाचं मशिन लावावं लागलं. त्या सगळ्या गडबडीत पडद्यावर कंपनीचं चिन्ह तसंच उभं होतं. मग पडदा काळा झाला, मग एक ओळ आली, ती गेली, परत काळा. कुशाबाई त्या काळ्या पडद्याला हात जोडत होत्या. शेवटी अक्षरं उजळली आणि तो परका पुरुष म्हणाला, "मुंग्या."

"चादर काढली तर पाय काळा दिसत व्हता गं," कुशाबाई म्हणाल्या. "तांबड्या मुंग्या. रांग लागली व्हती भिंतीवरनं. आन मी त्याला पाणी पाजीत व्हते."

वृषालीने त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली. त्यांना उगी केलं, पायाला मलम लावलं, कॉटच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. सुदर्शन तिच्याकडे बघत होता. तिने पट्टी उचलली तर त्याने दोनदा डोळे मिटले. नको, काही बोलायचं नाही.

संध्याकाळी लाइट आल्यावर तिने मशिन मुद्दाम बंद करून परत चालू केलं आणि नुसतं बघत बसली. दुकानातला कॉम्प्युटर बटण दाबून खुर्ची ओढेपर्यंत उघडतो. हा मात्र कंपनीच्या चिन्हावरच अडून बसायचा. विंडोज यायचं नावच नाही. एकदा ते आलं की पुढचं काम मात्र भराभर व्हायचं. तिने एमएस-सीआयटी केलेलं होतं. टास्क मॅनेजर उघडून पाहिला, स्टार्टअपच्या पानावर वर कोपऱ्यात एक आकडा होता: लास्ट बायोस टाइम. म्हणजे विंडोजला हाक मारायच्या आधी मशिन स्वतःशीच जे घुटमळतं, तो वेळ. सगळा उशीर तिथेच होता. तिने अमृतला फोन लावला.

"वहिनी, बायोस म्हणजे मशिनच्या आतला पहिला प्रोग्राम. मेमरी हाय का, डिस्क हाय का, सगळं तपासत बसतो. जुना हाय तो, वेळ घेणारच."

"पण कमी करता येतो ना? मी वाचलं नेटवर."

"येतो. पण तुमी हात लावू नका. एक सेटिंग चुकली तर मशिन बसंल. मी येतो रविवारी."

"भाऊजी, तुम्ही दिवाळीपासून बॅटरीवर चालणारा लॅपटॉप आणणार होतात."

"येतो म्हणलं ना," अमृत म्हणाला.

रविवारी तो आला नाही. ओव्हरटाइम लागला म्हणून मेसेज आला. वृषाली त्याच्यावर चिडली, आणि चिडण्यात अर्थ नाही हेही तिला ठाऊक होतं. मागच्या वेळी आला तेव्हा तो भावाच्या कॉटपाशी न बसता सगळा वेळ पडद्याच्या वायरी बांधत बसला होता.

गुरुवारी सकाळी तिने स्वतःच करायला घेतलं. कुशाबाई बराखीत कांद्याची निवड करायला गेल्या होत्या, दुकानाला उशिरा येते असं तिने कळवलं होतं. सुदर्शनला सांगितलं, "मी जरा आत जाऊन बघते, चालेल ना?" त्याने एकदा डोळे मिटले. चालू करताना तिने डिलीटचं बटण दाबून धरलं तशी निळी पाटी उघडली, इंग्रजी नावांची मोठी जंत्री. तिने सुरुवात सावधपणे केली. फास्ट बूट होतं ते चालू केलं. मग तिला चेव आला. जे जे लागत नाही ते ते बंद, म्हणजे तपासायला वेळ जायचा नाही, असा तिने हिशोब केला. एका पानावर यूएसबीची तीन-चार नावं होती. मागे तर कितीतरी खाचा रिकाम्याच आहेत, तिने विचार केला, आणि तीही बंद करून टाकली. सेव्ह करून बाहेर पडली.

मशिन खरंच झटकन उठलं. विंडोज आलं, अक्षरांचा पडदा आला. तिने हसून सुदर्शनकडे पाहिलं. त्याचं बोट बटण दाबत होतं. अक्षरं ओळीने उजळत होती आणि पुढे जात होती. एकही अक्षर लागत नव्हतं.

तिने माऊस हलवला. बाण जागचा हलला नाही. कीबोर्डवरचा दिवासुद्धा लागला नव्हता. मग तिच्या लक्षात आलं. बटण, माऊस, कीबोर्ड, तिन्ही यूएसबीवरच चालत होती. तिने दारच आतून लावून घेतलं होतं आणि कडी काढायला हात बाहेर राहिले होते. परत निळ्या पाटीत जायचं तर कीबोर्ड हवा, आणि कीबोर्ड मेलेला. तिने बंद केलं, चालू केलं, परत बंद केलं. अमृतला फोन लावला, तो उचलेना.

सुदर्शनने घशातून आवाज काढला. ती त्याच्याजवळ गेली तेव्हा रडत होती.

"मी तुमचं बोलणंच घालवलं हो," ती म्हणाली.

त्याची नजर पट्टीकडे गेली. तिने ती हातात घेतली, डोळे पुसले आणि बोट फिरवायला लागली. पापणी मिटली, अक्षर धरलं, पुढचं. असू दे, तो म्हणाला. मग: आई कुठे?

"बराखीत. दुपारपर्यंत येत नाहीत."

पुढची अक्षरं तो लागोपाठ देत गेला. नळी नको.

वृषालीला कळलं, आणि तरी ती म्हणाली, "कसली नळी?"

गळ्याची.

संक्रांतीनंतर पुण्याच्या डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. मास्क अजून काही महिने पुरेल. मग छातीचे स्नायू दमतील. तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घालता येते आणि श्वासाचं मशिन कायम लावता येतं. त्यावर माणूस वर्षानुवर्षं राहू शकतो. किंवा तसं करायचं नाही, आणि गुदमरायला होऊ नये म्हणून औषधं द्यायची. ठरवायचं पेशंटने. डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुशाबाई म्हणाल्या होत्या, "घाला नळी. मी करीन समदं." त्यानंतर घरात तो विषय निघाला नव्हता. ते ठरलं असंच सगळे धरून चालले होते. वृषालीसुद्धा.

"कधीपासून मनात आहे हे?"

तेव्हापासूनच.

"मग बोलला का नाहीत?"

मशिन मोठ्याने बोलतं. आई इथेच असते.

तिने पट्टी खाली ठेवली. बाहेरून बराखीकडच्या बायकांचं बोलणं येत होतं. तिला वाटलं ओरडावं, या माणसाला गदागदा हलवावं. गेली दोन वर्षं ती त्याचं अंग पुसत होती, कूस बदलत होती, झोपेतही त्याचा श्वास मोजत होती. "आणि माझं काय?" ती म्हणाली. "माझा विचार केला?"

त्याने डोळे मिटले आणि तसेच मिटून ठेवले. ते हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. कडेने पाणी ओघळलं, ते त्याला पुसता येत नव्हतं. तिने पदराने पुसलं. त्याने डोळे उघडले आणि पट्टीकडे पाहिलं.

आधी तुलाच सांगतोय.

मग त्याने आणखी दिलं. आईला मीच सांगणार. तू नाही. मशिन नीट कर. लवकर.

अमृतचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बसला होता. तिने काय केलं ते सांगितलं. तो आधी वैतागला, "सांगितलं व्हतं ना वहिनी, सांगितलं व्हतं!" मग तिच्या आवाजातलं काहीतरी त्याला जाणवलं असावं, कारण तो एकदम हळू झाला. "घाबरू नका. प्लग काढा. पेटीची बाजूची पत्री उघडा. आत बोर्डावर एक गोल सेल दिसंल, रुपयाएवढा. तो काढा, थोडा वेळ थांबा आन परत बसवा. सगळं पहिल्यासारखं व्हईल."

तिने तसं केलं. सेल बसवून चालू केल्यावर मशिनने तारीख चुकल्याची कुरकुर केली, पण कीबोर्डचा दिवा लागला. मग तेच जुनं सुरू झालं: चिन्ह, काळा पडदा, ओळ, काळा पडदा. अक्षरं उजळली. बोट हललं.

"आलं," तो परका पुरुष म्हणाला.

त्या दिवशी ती दुकानात गेलीच नाही. पण मशिनलाही परत हात लावला नाही. तारीख तेवढी नीट केली.

पुढे कसं करायचं ते तिला समजलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मशिन चालू करून बघायची, मग पुढची. आणि यूएसबी हा शब्द दिसला की हात मागे घ्यायचा. पण शुक्रवारी सकाळी उगाच भांडी घासायला काढली. संध्याकाळी, दमले, असं स्वतःला सांगितलं. सुदर्शनची नजर पेटीकडे जायची आणि तिच्याकडे यायची. तिला उमगत होतं आपण काय करतोय ते. मशिन भराभर उठायला लागलं की तो बोलणार. तोवर घरात सगळं होतं तसंच होतं. कुशाबाई शेजारणीला सांगत होत्या की नळी घातल्यावर खोली कशी लावायची, मशिन कुठे ठेवायचं, खिडकीला जाळी बसवून घ्यायची.

शनिवारी लाइट गेली तेव्हा वृषाली घरात होती. कुशाबाईंनी प्लग बदलला आणि पडद्यावर चिन्ह आलं तशा त्या घाईघाईने चादर काढून पाय बघायला लागल्या. मग दुसरा पाय. मग पाठीखाली हात घालून चाचपलं. सुदर्शनला नुसतं मानेखालचं उसं सरकवून हवं होतं. पण मशिन बोलेपर्यंत त्यांनी सगळं अंग चाचपून काढलं होतं. वृषालीला ते बघवलं नाही. तिने त्याच दुपारी पेटी ओढली.

मशिन दर वेळी आधी नेटवर्कवरून चालू व्हायला बघायचं. कंपनीत असताना तशी रीत असेल. घरात ते जाळंच नव्हतं, तरी बिचारं दाराशी उभं राहून हाका मारायचं. तिने ते बंद केलं आणि डिस्कला पहिला नंबर दिला. चालू करून पाहिलं, ती काळ्या पडद्यावरची ओळ गेली. मग मेमरीची सविस्तर तपासणी बंद केली. मग चिन्हावर थांबायचा वेळ शून्य केला. तरी एक घुटमळ राहिलीच. तिने पत्री उघडून आत पाहिलं. सीडी ड्राइव्ह कधीचा बिघडलेला होता. चालू करताना तो आत कुरकुरायचा आणि मशिन त्याच्या उत्तराची वाट बघत बसायचं. तिने त्याच्या दोन्ही वायरी सोडवल्या. पुन्हा बटण दाबलं. कुशाबाईंना प्लग खोचून उभं राहून पदर सारखा करायला लागतो तेवढ्यात अक्षरं उजळली.

सुदर्शनने बटण दाबलं. "परत," मशिन म्हणालं. तिने परत बंद करून चालू केलं. तेवढ्याच वेळात आलं. त्याच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी तिला हसू दिसलं, आणि ती नजर वळवून पेटीची पत्री लावायला लागली.

रविवारी अमृत आला. येताना कलिंगड घेऊन आला, लॅपटॉप नव्हताच. मशिन चालू होताना त्याने पाहिलं आणि खरोखरच खूश झाला. "वहिनी, काय केलंत राव! चिन्ह दिसलं न दिसलं तोवर आत!" तो पेटीभोवती फिरला, सोडवलेल्या वायरी बघून मान हलवली. कुशाबाई कलिंगड चिरत होत्या. खोलीत सगळे होते. सुदर्शनचं बोट हलायला लागलं तसे सगळे सवयीने पडद्याकडे बघायला लागले. अक्षरं एकेक करून लागत गेली. वृषालीने नजर फरशीवर ठेवली.

"गळ्याची नळी घालायची नाही," मशिन म्हणालं. "मी ठरवलंय."

अमृत उभाच राहिला. मग बाहेर अंगणात गेला. तो चपलाही न घालता उन्हात उभा राहिलेला खिडकीतून दिसत होता.

कुशाबाईंनी विळी बाजूला सारली. "काय म्हणला त्यो?" त्यांना नीट ऐकू आलं होतं. त्या वृषालीकडे वळल्या. तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. "तुला म्हाईत व्हतं. तू शिकीवलं त्याला. दमली आसशील तर जा माहेरी! मी येकटी करीन माझ्या पोराचं."

वृषालीने तोंड उघडलं, पण आधी बोट हललं होतं.

"आई, मीच. ती नाही."

"तुला काय कळतंय? डागदर म्हणला की, वरसानुवरसं ऱ्हातंय मानूस."

"असंच पडून."

"पडून तर पडून! माझ्या डोळ्यापुढं तर ऱ्हाशील. तू मरायचं म्हणतो आन मी बघायचं?"

उत्तराला वेळ लागत होता. अक्षर, अक्षर, अक्षर. कुशाबाईंना मधे बोलता येत होतं, पण त्या बोलल्या नाहीत. पडद्याकडे वळून, कमरेवर हात ठेवून, उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. वृषालीला आठवेना, मायलेक असे शेवटचे कधी भांडले होते. एके काळी डिझेलवरून, मिठावरून, मतदानावरून त्यांची रोज जुंपायची. गेली दोन वर्षं त्या त्याला फक्त विचारत होत्या: पाणी, कूस, लघवी.

"मरायचं म्हणत नाही. नळी नको म्हणतो."

"येकच की त्ये!"

"एकच नाही."

"माझं हात थकलं का? सांग की. केलं न्हाई का मी?"

"केलंस. तू थकली नाहीस. मी थक—"

पंखा थांबला. पडदा विझला. लाइट गेली होती.

सुदर्शनच्या घशातून घरघर आली. कुशाबाई पाठ फिरवून दाराकडे निघाल्या. एरवी इथेच संपलं असतं. मशिन परत उठेपर्यंत त्या गोठ्यात गेल्या असत्या, भाकरी टाकायला बसल्या असत्या, आणि नंतर पुन्हा कुणाला तो विषय काढायचा धीर झाला नसता. वृषाली प्लगपाशीच उभी होती. तिने तो ओढून काढला आणि हातात धरून क्षणभर तशीच राहिली. नाही घातला तर? घरात पुन्हा सगळं होतं तसं होईल. मग सुदर्शनची नजर तिच्यावर आहे हे तिला जाणवलं. तिने प्लग बोर्डात खोचला आणि बटण दाबलं.

कुशाबाई उंबऱ्यापाशी पोचल्या होत्या.

"थांब," मशिन म्हणालं.

त्या थांबल्या. वळल्या नाहीत.

"भांड माझ्याशी. जाऊ नको."

त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता आणि रागाने लाल झाला होता. "भांडू काय तुझ्याशी? तू इचारतो का मला? आईला इचारायची रीत न्हाई का?"

"विचारत नाही. सांगतोय."

"मी कबूल करनार न्हाई."

"नको करू. ऐकून घे."

आणि त्यांनी ऐकून घेतलं. कॉटच्या कडेला बसल्या, त्याच्या त्या डाव्या पायावर हात ठेवून, आणि तो परका पुरुष एकेक शब्द बोलत गेला. रात्री मास्क लावल्यावर काय वाटतं ते. मुंग्या चावल्या तेव्हाचं. पुढे हे बोटही जाणार, मग बटणही दाबता येणार नाही, आणि तेव्हा नळीवर जगत असलो तर काय होईल, ते. हे शेवटचं वृषालीलाही त्याने सांगितलं नव्हतं. अमृत केव्हातरी आत येऊन भिंतीला टेकून बसला होता. त्याने बरीच वाट बघून भावाचा हात हातात घेतला, बटणाजवळचा नव्हे, दुसरा.

संध्याकाळी कुशाबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सुदर्शनचं सगळं त्यांनी नेहमीसारखं केलं, अंग पुसलं, पेज भरवली. पण वृषालीशी बोलल्या नाहीत आणि स्वतः नुसता चहा घेत राहिल्या. दर जेवणाला मशिन म्हणायचं, "आई, जेव." त्या म्हणायच्या, "भूक न्हाई." लाइट गेली तर उठून प्लग बदलायच्या, मशिन बोलायची वाट बघायच्या. ते म्हणायचं, "जेव." त्या म्हणायच्या, "कळलं."

मंगळवारी वृषाली दुकानातून आली तेव्हा चुलीपाशी उष्टं ताट होतं. कुशाबाई कॉटशेजारी पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"जेवले म्हंजे कबूल केलं आसं न्हाई हां," त्या म्हणाल्या.

बोट हललं. "बरं."

"डागदरला म्या इचारनार हाये. गुदमरनार न्हाई म्हंतो, त्ये कशावरून? समदं इचारनार."

"विचार."

वृषालीने पिशवी खुंटीला लावली. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली होती. गाडी अमृतने सांगितली होती आणि स्वतः येतो म्हणाला होता. ती सासूशेजारी खाली बसली. कुशाबाई सरकल्या नाहीत. काही वेळाने त्यांनी आपल्या बाजूचा हातपंखा उचलून तिच्या पुढ्यात ठेवला. बाहेर उकाडा मी म्हणत होता.